खोटी वर्दी

२ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ९.२०

मुख्यालयाचं परिपत्रक गेल्या गुरुवारी आलं. विषय : अग्निशमन केंद्रातील कार्यसंस्कृती सुधारणे. कुठल्याशा केंद्रात एका जवानाच्या श्वासयंत्राची नळी सैल होती, पण साहेबांपुढे तोंड उघडायची त्याची छाती झाली नाही. तसाच धुरात शिरला, थोडक्यात वाचला. म्हणून आता प्रत्येक केंद्रात एक कार्यसंस्कृती समन्वयक नेमायचा. माणसं वरिष्ठांशी मोकळेपणाने बोलतात का, हे त्याने बघायचं. सहा आठवड्यांत अहवाल.

केंद्रप्रमुख मी, म्हणून समन्वयकही मीच. तसे फळ्यावर अर्ज मागवले होते. एकही आला नाही. साहेबांशी स्पर्धा नको, हा आमच्या माणसांचा मोठेपणा.

खरं तर आमच्याकडे हा प्रश्नच नाही. दिवसपाळीला सात माणसं, सातही जण माझ्यावर जीव टाकतात. मी खोलीत शिरलो की सगळ्यांचं बोलणं थांबतं. एवढा आदर आजकाल घरातही मिळत नाही.

निर्धार : रोज माणसांत मिसळणे. रोज नोंद ठेवणे, वेळेसकट. गोड कमी.

दुपारी ३.१०

बायकोला फोन केला. ती लेकीकडे आहे. बाळंतपणासाठी महिनाभर म्हणून गेली होती. नात आता चालायला लागली. बाळाला आजीचा फार लळा, त्यामुळे निघता येत नाही. मी समन्वयक झालो म्हटल्यावर म्हणाली, म्हणजे आणखी एक रजिस्टर का? तिला नेमकं कळतं.

३ फेब्रुवारी, मंगळवार

पहिलं संवाद सत्र, अकरा वाजता. दोनदा निरोप पाठवूनही कोणी जमेना. एक जण पाईप धूत होता, आमचा उंच जवान, ज्याला सगळे लांब्या म्हणतात, तो दाढी करत होता. शेवटी युक्ती सुचली. बेल दाबली.

अडतीस सेकंदांत सात माणसं गमबूट, हेल्मेट चढवून बंबाजवळ. मामा, म्हणजे आमचे ड्रायव्हर, त्यांनी तर इंजिन चालू करून बंब फाटकापर्यंत आणला. मी फळ्याशी खडू घेऊन उभा. म्हटलं, कुठेही आग नाही, या, बसा, आज आपण मनातलं बोलणार आहोत. कोणाच्या तोंडून शब्द फुटेना. भारावले असावेत. लांब्या अर्धवट दाढीने माझ्याकडे बघतच राहिला.

सत्र चाळीस मिनिटं. त्यातली अडतीस मी बोललो, कोणीतरी सुरुवात करायलाच हवी. शेवटी विचारलं, काही सूचना? ताई उठली. गुडघ्यामुळे मी बंबावर जात नाही, तेव्हापासून घटनास्थळी तिचाच हुकूम चालतो. सगळे तिला ताई म्हणतात. मीही एकदा म्हणून पाहिलं, ती म्हणाली, येस सर. तर ताई म्हणाली की बेल फक्त वर्दीलाच वाजवावी अशी विनंती आहे.

छान सूचना. नोंद घेतली.

(गुडघा एका कठीण प्रसंगात गेला. त्याबद्दल कधीतरी सविस्तर.)

संध्याकाळी बायकोला हा किस्सा सांगितला. तिला वर्दी म्हणजे अजून युनिफॉर्मच वाटतो. एकतीस वर्षं सांगतोय की बाई, आमच्यात वर्दी म्हणजे मदतीसाठी आलेली हाक. आग लागली, कोणी लिफ्टमध्ये अडकलं, की आली वर्दी. ती म्हणाली, बरं, आणि कुकर बंद करायला गेली. फोन चालूच राहिला. मी बराच वेळ तिकडचं स्वयंपाकघर ऐकत होतो.

५ फेब्रुवारी, गुरुवार

दुसरं सत्र. बेल. एक्केचाळीस सेकंद. तीन सेकंदांची घसरण. सत्रात त्यावरच बोललो.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

दोन योजना एका दिवसात. हात दुखले, पण समाधान आहे.

एक, मनमोकळी पेटी. जिन्याखाली टांगली. नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची. फक्त पाठपुरावा सोपा जावा म्हणून चिठ्ठीवर बिल्ला क्रमांक घालायचा. किल्ली माझ्याकडे.

दोन, मूड रजिस्टर. हजेरीच्या सहीशेजारी आपापल्या मनःस्थितीचा चेहरा काढायचा. हसरा, रडका, जसा असेल तसा. सातही जणांनी तोंडाच्या जागी आडवी रेघ काढली. अशी एकवाक्यता मी आजवर कुठल्याही केंद्रात पाहिली नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

तिसरं सत्र. बेल. बावन्न सेकंद! दोघं तर जिन्यातूनच वाकून बघत होते. मामांनी इंजिन चालूच केलं नाही. वयोमान.

सत्र संपल्यावर पेटीत काही पडलं का ते बघायला ११.५० ला पुन्हा खाली गेलो. चहाच्या खोलीच्या दाराशी पोचतो तोच आतून कोणीतरी म्हणालं, खोटी वर्दी आली. आत गेलो तर सगळे गप्प, चेहरे उतरलेले. साहजिक आहे. धावतपळत जायचं आणि तिथे काहीच नसायचं, याचा वैताग मी समजू शकतो. विचारलं, कुठून आली? लांब्या म्हणाला, वरून.

म्हणजे थेट मुख्यालयामार्फत. तिथेही आता कोणी खातरजमा करत नाही.

पेटीत एक चिठ्ठी : नळाचा वॉशर गेला आहे. बिल्ला क्रमांक नाही, त्यामुळे पाठपुरावा शक्य नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

आज एका गोष्टीचा छडा लावला.

वर्दीवरून परत आले की हे लोक बंबाच्या मागच्या पायरीवर बसून चहा पितात. चहाच्या खोलीत भिंतीला सात खिळे आहेत, त्यांना सात कप, प्रत्येकावर वेगळ्या रंगाचा ठिपका. आपापला कप घ्यायचा आणि त्या पायरीवर दाटीवाटीने बसायचं, जागा नसली तर खाली टायरला टेकायचं. माझ्या खिडकीतून फक्त पाय दिसतात आणि हसणं ऐकू येतं. आज सव्वाचारला असे खदाखदा हसले की मी फाईल टाकून खिडकीशी गेलो. एवढं काय असेल? मला विनोद कळतो. शाळेत असताना मी नक्कल करायचो.

४.२० ला माझा कप घेऊन उतरलो. शेवटच्या दोन पायऱ्या राहिल्या तोच पुन्हा तेच, खोटी वर्दी आली. आणि एकदम चिडीचूप. गेलो तर सगळे उभे. म्हटलं, अरे बसा की. कोणी बसेना. चहा संपला म्हणाले. कप भरलेले दिसत होते, पण एवढ्याशा गोष्टीत ते माझ्याशी खोटं कशाला बोलतील?

रिकामा कप ठेवायला खिळा नव्हता. वर घेऊन आलो. खिळ्याचं मागणीपत्र करायला हवं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

त्या चहात खरी कार्यसंस्कृती आहे, हे मी ओळखलं. हिऱ्याची पारख जवाहिऱ्यालाच. फक्त त्याला शिस्त नाही. म्हणून योजना तिसरी : पायरी संवाद. रोज ४.१५, वर्दी असो वा नसो. पायरीवर दाटी होते म्हणून आठ खुर्च्या, गोलाकार. विषय आधी फळ्यावर. आजचा विषय : मोकळेपणा. इतिवृत्त ताई लिहील.

खुर्च्यांवर सगळे ताठ बसले. चहा निवून साय धरली. मी सुरुवात करून दिली. इतिवृत्तात ताईने एवढंच लिहिलं : ४.१५ सुरू. ५.०५ संपले.

मुद्देसूद लिहिते.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आता पायरीवर कोणी बसत नाही. ४.१५ ला खुर्च्यांवर येतात, ४.३० ला कोणाला ना कोणाला पंप तपासायचा असतो. आज पाईप वाळत घालायच्या मनोऱ्यामागून हसणं ऐकू आलं. खिडकीतून तो भाग दिसत नाही. पायही नाहीत.

खुर्च्या टोचत असाव्यात. गाद्या मागवतो.

पण त्याहून गंभीर बाब निराळीच आहे. खोट्या वर्द्या! नवव्या तारखेपासून माझ्या कानांनी ऐकलेल्या अकरा. आजच्याच तीन : १०.०५ ला (मी मूड रजिस्टर बघायला उतरलो होतो), १२.४० ला (सुविचार बदलायला), ३.३० ला (काही नाही, सहज). वर्दी रजिस्टर मागवलं तर त्यात एकाही खोट्या वर्दीची नोंद नाही! टेलिफोनवरच्या ऑपरेटरला फैलावर घेतलं. तो डोकं खाजवत म्हणाला की फोनवरून येतात त्या वर्द्या आपण लिहितो. म्हटलं, मग बाकीच्या? तो म्हणाला, बाकीच्या चालत येतात.

म्हणजे इसम प्रत्यक्ष येऊन खोटी वर्दी देऊन जातो! दिवसाढवळ्या! आणि मी वर फायलीत डोकं घालून बसलेला. फाटकावर पहारा नेमला पाहिजे.

माणसांचं मन मोडतं ते अशाने. कार्यसंस्कृतीच्या मुळावर आलेली कीड हीच. हिचा बंदोबस्त केल्याशिवाय मी स्वस्थ बसणार नाही.

१८ फेब्रुवारी, बुधवार

मामांना वर बोलावलं. केंद्रात सगळ्यांत जुने तेच. विचारलं, मामा, खरं सांगा, या खोट्या वर्दीचं काय करायचं? मामा एकदम कावरेबावरे झाले. टोपी हातात घेऊन फिरवत बसले. म्हणाले, साहेब, पोरं आहेत, तोंडातून जातं, मनावर घेऊ नका. मी म्हटलं, मनावर घेणारच, माझं कर्तव्य आहे. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या लक्षात काहीतरी आलं असावं, कारण आवाज खाली आणून ते एक जुनी गोष्ट सांगू लागले.

ते नवीन होते तेव्हा एक म्हातारे गृहस्थ दर आठवड्याला फोन करायचे. घरात धूर झालाय. बंब जायचा. धूर नाही, काही नाही. गृहस्थ दारात उभे, चहा टाकलेला. आठ वेळा असं झालं. नवव्यांदा सगळे म्हणाले, मरू दे, जायला नको. त्यांचे उस्ताद म्हणाले, वर्दी खोटी आहे हे तिथे गेल्यावर कळतं, आधी नाही. गेले. गृहस्थ न्हाणीघरात पडले होते, खुब्याचं हाड मोडून. दोन तास तसेच.

मामा म्हणाले, म्हणून सांगतो साहेब, खोटी असली तरी जावं लागतं.

गोष्ट चांगली आहे, पण आजच्या काळात अशी ढिलाई परवडणारी नाही. त्यांना तसं सांगितलं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

वाढदिवसांची यादी मी पहिल्याच आठवड्यात फळ्यावर लावली आहे. स्वतःचं नाव मुद्दाम घातलं नव्हतं. कोणाला आपसूक आठवतं का, हे पाहायचं होतं.

आज होता.

चाचणी अनिर्णित. लेकीने केकचं चित्र पाठवलं. बायकोचा फोन सकाळीच यायचा होता, बाळाला सर्दी आहे.

चारच्या सुमारास चारदा खाली जाऊन आलो. खोट्या वर्द्या : चार.

२२ फेब्रुवारी, रविवार. घरी

सुट्टी. भाजी आणली, चिरली, जास्त झाली. एकट्याच्या अंदाजाने अजून चिरता येत नाही.

दुपारी त्या इसमाचा स्वभावलेख तयार केला, अहवालाला जोडायला. पूर्वी एका प्रशिक्षणात शिकवलं होतं. लिहिलं ते असं :

'इसम वयस्क असावा. घरी कोणी नसावं, किंवा असून नसल्यासारखं. अंगात खोड नाही, पण आपण गेलो की माणसं उठतात, धावतात, एवढ्यानेच त्याला बरं वाटत असावं. आपला लोकांना त्रास होतो याची त्याला कल्पना नसावी. तो पुन्हा पुन्हा येतो, कारण त्याला दुसरीकडे जायला जागा नाही.'

लिहून झाल्यावर वाचलं. चांगलं उतरलंय. बिचाऱ्याची थोडी कीवही आली. पण नियम म्हणजे नियम.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

अहवाल पाठवला. चौदा पानं. रकाना क्रमांक ४, माणसे वरिष्ठांशी मोकळेपणाने बोलतात काय? उत्तर : होय, भरपूर. जोडपत्र अ : खोट्या वर्द्यांचा तक्ता, तारीख आणि वेळेसह, एकूण सव्वीस. जोडपत्र ब : संशयिताचा स्वभावलेख. मागणी : चौकशी अधिकारी पाठवावा.

पेटीत चिठ्ठी : पेटी काढा. पुन्हा बिल्ला क्रमांक नाही.

३ मार्च, मंगळवार

मुख्यालयातून फोन. पलीकडचे साहेब म्हणाले की आमच्या यंत्रणेत तुमच्या केंद्राच्या खोट्या वर्द्या शून्य दिसतात. फक्त तीन वेळा केंद्रातूनच विनाकारण बेल वाजल्याची नोंद आहे. मी म्हटलं, ती संवाद सत्रं होती. ते जरा थांबून म्हणाले, अस्सं.

गुरुवारी चौकशी अधिकारी येणार. चला, दखल तर घेतली. आजपासून फाटकावर स्वतः लक्ष ठेवलं. दोन तास. कुत्रं सोडून कोणी आलं नाही. माझ्या देखत यायची त्याची हिंमत नाही.

५ मार्च, गुरुवार. दुपारी १.३०

चौकशी झाली. अधिकारी बाई शांत आणि नीटनेटक्या. माझ्या केबिनमध्ये सातही जणांना उभं केलं, तक्ता टेबलावर ठेवला आणि विचारलं की सव्वीस खोट्या वर्द्या आल्या हे खरं का? आल्या असतील तर रजिस्टरला का नाहीत? न आल्या असतील तर साहेबांनी चौदा पानांचा खोटा अहवाल दिला, असा अर्थ होतो, आणि निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या माणसाला ते महागात पडेल.

मी निर्धास्त होतो. माणसं माझी आहेत.

ताईने तक्ता उचलला. वरून खालपर्यंत बोट फिरवत वाचला. लांब्या खांद्यावरून वाचत होता, त्याचे कान लाल झाले. ऑपरेटर खिडकीबाहेर बघायला लागला. मग ताईने तक्ता मामांकडे दिला, मामांनी मान हलवली, आणि ताई म्हणाली की वर्द्या आल्या होत्या मॅडम. नोंद आमच्याकडून राहिली. चूक आमची.

बाई म्हणाल्या, सातही जणांची? सगळे म्हणाले, हो. सेवापुस्तकात लेखी ताकीद लागेल, चालेल? हो.

पाहिलंत? शेवटी सत्याचा विजय. चूक कबूल करणं हीच तर कार्यसंस्कृती! बाहेर पडताना लांब्याच्या पाठीवर थाप मारली. म्हटलं, शाब्बास, असं मोकळं बोलावं. त्याने टोपी घातली आणि जिना उतरला.

बाईंनी जाताना एकच सांगितलं. त्या त्या वेळी मी नेमका कुठे होतो ते तक्त्यात नाही. साक्षीदार म्हणून तो एक रकाना भरून पाठवावा. रोजनिशीत सगळं आहेच. तासाभराचं काम.

दुपारी ४.४०

रकाना भरला.

९ तारीख, ११.५०. मी चहाच्या खोलीच्या दारात. ११ तारीख, ४.२०. मी जिन्यात. १७ तारीख, १०.०५, मी रजिस्टर बघायला. १२.४०, मी सुविचार. ३.३०, मी सहज.

एखादी तरी वर्दी मी वर खोलीत असताना आली असेल. तीनदा तपासलं.

नाही.

वाढदिवसाच्या दिवशी चार.

संध्याकाळी ५.३०

खाली गेलो नाही. मागच्या जिन्याने घरी निघतो.

लांब्या 'वरून' म्हणाला होता. ऑपरेटर 'चालत येतात' म्हणाला होता. वर्दीबाबत कोणीही माझ्याशी खोटं बोललं नव्हतं. आणि ज्या दिवशी बोलले, त्या दिवशी माझ्यासाठी बोलले.

६ मार्च, शुक्रवार

सकाळी पत्र लिहिलं. पाच कागद फाडले. शेवटी कार्यालयीन भाषेतच जमलं :

'उपरोक्त अहवालाच्या जोडपत्र अ मध्ये नमूद केलेल्या सर्व सव्वीस खोट्या वर्द्या म्हणजे खाली सही करणारा होय. खाली सही करणाऱ्यास कर्मचारीवर्ग या नावाने ओळखतो, ही बाब खाली सही करणाऱ्याच्या उशिरा निदर्शनास आली. सबब रजिस्टरात नोंद नसणे योग्यच आहे. कर्मचाऱ्यांना दिलेली ताकीद मागे घ्यावी. जोडपत्र ब मधील स्वभावलेख बरोबर आहे. रकाना ४ चे उत्तर खोडून "नाही" असे वाचावे.'

सही केली. पोचपावती घेतली.

आणि या वहीत तरी एक गोष्ट खरी लिहायला हरकत नाही. गुडघा स्वच्छतागृहाची तपासणी करताना साबणावरून घसरून गेला.

८ मार्च, रविवार. घरी

बायकोला फोन केला. माझं काहीच सांगितलं नाही. विचारलं, मला घरात तुम्ही मायलेकी काही नाव ठेवलं होतं का? पलीकडे बाळ खुळखुळा आपटत होतं. मग ती म्हणाली, जेवलात का?

म्हटलं, हो. भाजी उरली आहे.

ती म्हणाली, कमी चिरत जा.

९ मार्च, सोमवार

पेटी काढली. मूड रजिस्टर कपाटात. खुर्च्या परत. हे सगळं साडेआठला, दिवसपाळीचं कोणी यायच्या आत. मग दिवसभर खोलीतच बसलो.

खोट्या वर्द्या : शून्य.

१० मार्च, मंगळवार

मुख्यालयाचं उत्तर : ताकीद रद्द. माझ्याबाबत निर्णय यथावकाश. कागद शिपायाबरोबर खाली पाठवला, स्वतः गेलो नाही.

डबा खोलीतच खाल्ला. पाणी संपलं होतं, पण पाण्यासाठी खाली जावं लागतं.

खोट्या वर्द्या : शून्य. एवढं शांत केंद्र एकतीस वर्षांत पाहिलं नाही. मला ते अजिबात आवडलं नाही.

११ मार्च, बुधवार. दुपारी ४.५०

सव्वाचारला दारावर टकटक. ताई. आत आली नाही, उंबऱ्यातच उभी राहिली. आधी माझ्याकडे बघितलं, मग खोलीभर, मग पुन्हा माझ्याकडे. म्हणाली, सर, बरे आहात ना? म्हटलं, आहे, का? ती जरा घुटमळली. म्हणाली की मामांनी पाठवलंय. मामा म्हणतात, दोन दिवस खोटी वर्दी आली नाही, म्हणजे आता खरी असेल, वर जाऊन बघून ये.

मला काय बोलावं सुचेना. माझ्या बाबतीत हे क्वचित होतं.

ती म्हणाली, चहा झालाय. तुमचा कप घेऊन या.

गेलो. जिन्यात कोणी काही म्हणालं नाही. मामा पायरीवर सरकले, मला दोन विती जागा झाली. बसलो. बंबाचा पत्रा उन्हाने कोमट होता. कोणी हसत नव्हतं, पण कोणी उठलंही नाही. चहा गोड होता, प्यायलो.

कप कसे ठेवावेत याबद्दल मला एक सुचवायचं होतं. सुचवलं नाही.

थोड्या वेळाने लांब्या कपात बघत म्हणाला की जुन्या शिडीची खुंटी ढिली झालीय, महिनाभर बाजूला काढून ठेवलीय. नवीन मागवायला सरांची सही लागते, पण सहीला वर गेलं की तास जातो. शिडीच्या देखभालीवर माझ्याजवळ अर्ध्या तासाचं बोलणं तयार आहे, टिपणासकट. मी म्हटलं, कागद आण. त्याने खिशातून काढला. चार घड्या पडलेला, किती दिवस खिशात होता कोण जाणे. गुडघ्यावर ठेवून सही केली. मामा खाकरले आणि म्हणाले, साहेबांचा गुडघा अखेर कामाला आला. कोणीतरी हसलं. मग सगळे. मीही.

तेवढ्यात बेल. खरी.

ताई उठली तेव्हाच मला समजायला हवं होतं, पण मी बसूनच होतो. मामांनी स्टिअरिंगवरून आरशात बघत ओरडून सांगितलं, साहेब, उठा! उठलो आणि बंब निघाला. मी बसलो होतो ती पायरी बंबाबरोबर गेली. किती सेकंद लागले, मोजायचं राहिलं.

आवारात आठ कप पडले होते. उचलले, धुतले, पुसले. सात कप सात खिळ्यांना लावले, ठिपका बघून. आठवा हातात धरून थोडा वेळ उभा होतो. हातोडी कुठे असते ते मला माहीत आहे, खिळेही खणात आहेत. पण तो खिळा आपला आपण मारायचा नसतो.

कप वर घेऊन आलो. खिडकी उघडी ठेवली आहे. बंब अजून यायचा आहे.